मिनिएचरसाठी जहाजाचा डेक: काड्या, सागवान की सनबोर्ड?

फिगर, म्हणजे माणसाची छोटी प्रतिकृती, रंगवून झाली की ती उभी कशावर करायची हा प्रश्न येतोच. खलाशी असो, तोफची असो, कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातला शिपाई असो, त्याच्या पायाखाली डेक हवा. परदेशी व्हिडिओत बासवूड नावाच्या मऊ लाकडाच्या पट्ट्या दाखवतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावात त्या मिळत नाहीत. मिळतं ते असं: स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या काड्या आणि सनबोर्ड (प्लास्टिकचा हलका बोर्ड), आरामशीनवर किंवा वाढयाकडे (सुताराकडे) सागवानाचे उरलेले तुकडे. तयार बेस कुरिअरने येतो, तो चौथा पर्याय.

किमतीवरून निवडू नका, पहिले तिन्ही पर्याय तसे किरकोळच आहेत. आधी फळीची रुंदी काढा. जुन्या लाकडी जहाजांच्या डेकवरची फळी काळानुसार कमीजास्त रुंद असे, पण हिशोबाला 8 इंच, म्हणजे 20 सेंमी धरा. 75 मिमी उंचीच्या फिगरला (1/24, म्हणजे खऱ्याचा चोविसावा भाग) ती 8 मिमी होते, 54 मिमीच्या फिगरला (1/32) सव्वासहा, 28 मिमीच्या गेमिंग फिगरला साडेतीन आणि 1/72 च्या शिपायाला तीनपेक्षाही कमी. पुढचा सगळा निर्णय या आकड्यांवरच आहे.

आइस्क्रीमची काडी साधारण 10 मिमी रुंद असते. 54 मिमीच्या शिपायाच्या पायाखाली ती फूटभराहून जास्त रुंद फळी होते, आणि मग डेक न दिसता बैलबंडीची फळकुटं दिसतात. म्हणून काडी तशीच चिकटवायची नाही, स्टीलची पट्टी धरून कटरने उभी चिरायची. दोन सारखे भाग झाले तर 5 मिमी मिळतात, आणि ते चालतात. पण काडीचा रेषा, म्हणजे लाकडाचा धागा, वाकडा असला की कटर त्याच्यामागे पळतो आणि बऱ्याच काड्या वाया जातात. त्यापेक्षा कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या बऱ्या. त्या 5-6 मिमीच्या असतात, म्हणजे 54 मिमीसाठी जवळजवळ तयार मापाच्या. डिस्पोजेबल ग्लास-प्लेट विकणाऱ्या ठोक दुकानात विचारा.

काड्यांची दुसरी अडचण लांबीची. खरी फळी 20-25 फूट लांब, म्हणजे 1/32 मध्ये 19 ते 24 सेंमी. तुमचा बेस 12 सेंमीचा असेल तर बहुतेक फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंडच दिसायला हव्यात. काडी मात्र गोल टोकं कापल्यावर 9-10 सेंमी उरते, म्हणून लोक तुकडे जोडत जातात आणि विटांच्या भिंतीसारखी नक्षी तयार होते. खऱ्या डेकवर सांधा फक्त खालच्या तुळईवर येतो, आणि एकाच तुळईवर दोन सांधे यायचे तर मध्ये निदान तीन अखंड फळ्या हव्यात. छोट्या बेसवर एखाद-दुसरा सांधा पुरे.

आता सागवान. गडचिरोलीतल्या आलापल्लीचं सागवान आपल्याच मुलखातलं, आणि जहाजाशी या लाकडाचं नातं जुनं आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेलं ब्रिटिश लढाऊ जहाज एचएमएस ट्रिंकोमली 1817 साली पाण्यात उतरलं ते मलबारी सागवानाचं, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. तेव्हा सागवानी डेक दिखाव्यापुरता नाही. जंगलातून काही तोडून आणायचा विचार मात्र मनातही आणू नका, फर्निचरवाल्याकडचे तुकडेच पुष्कळ आहेत. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारा वाढई ओळखीचा असेल तर अजून चांगलं, त्याचा हात बारीक कामाला बसलेला असतो. "एवढ्या चिपा काहून पायजेत, भाऊ?" असं तो विचारेल. फिगर सोबत न्या आणि त्याच्या समोर ठेवा, पुढचं त्याचं त्यालाच समजतं. दीड मिमी जाडीच्या, सहा मिमी रुंदीच्या, वीतभर लांब पट्ट्या मागा.

वाढई मिळाला नाही तर सागवानी विनियर (लाकडाचा पातळ थर) लावलेल्या 4 मिमी प्लायचा तुकडा घ्या. त्यावर नुसत्या रेघा ओढल्या तर लाकडाचा एकच रेषा सगळ्या फळ्यांतून वाहत जातो आणि सोंग उघडं पडतं. पट्ट्या कापा, त्यांचा क्रम बदला, काही उलट्या दिशेने फिरवा. बाजूचे प्लायचे थर शेजारच्या पट्टीने झाकले जातात.

सागवानाचा दोष त्याच्या छिद्रांत आहे. 54 आणि 75 मिमीला ती शोभतात, पण 28 मिमीच्या फिगरखालच्या फळीवर तीच छिद्रं नाल्यांएवढी दिसतात. शिवण या झाडाच्या लाकडाचा तुकडा मिळाला तर तो घ्या. रंगाने फिका, कापायला मऊ, आणि ऋतू बदलला तरी फारसा हलत नाही. शिवाय खऱ्या डेकवर खलाशी दगडाने घासून घासून फळ्या फिकट करत, त्यामुळे हा रंग बरोबरच बसतो. गडद अक्रोडी पॉलिश लावायचा मोह टाळा, काळे बूट त्यात बुडून जातात.

28 मिमी आणि त्याखाली मी सरळ सनबोर्ड सांगेन. 3 मिमीचा तुकडा घ्या, साडेतीन मिमीवर रेघा मारा, बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलने दाबून खाचा करा, आणि तारेच्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढून लाकडाचा रेषा उमटवा. एका संध्याकाळी डेक तयार होतो. रंग मात्र प्रत्येक फळीला थोडा वेगळा द्यावा लागतो, नाहीतर प्लास्टिक ते प्लास्टिकच दिसतं. लाकडात जे फुकट मिळतं ते इथे ब्रशने कमवावं लागतं. ज्याला रंगकामच आवडतं, त्याला हा तोटा वाटणारही नाही.

लाकडाच्या फळ्यांमधली डांबराची काळी फट कशी दाखवायची? मार्कर लाकडात पसरतो. पेन्सिल कडेला घासली तर सोपं पडतं, पण वरून पॉलिश पेपर मारताना शिसं फळीवर येतं. काळ्या कार्डपेपरची पट्टी कडेला चिकटवून फळ्या बसवणं सगळ्यात स्वच्छ. कागद पाव मिमीचा, आणि 1/32 ला खरी फटही साधारण तेवढीच भरते.

आपल्या हवेचा विचार कोणत्याच व्हिडिओत नसतो. पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या जुळवल्या तर मे महिन्यात फटी उघडतात. कुलर चालू असलेल्या खोलीतही तेच होतं, बाहेर कोरडं आणि आत दमट. काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा, आणि पट्ट्या आधी आठवडाभर त्याच खोलीत पडू द्या. सागवान तेलकट असतं, म्हणून फेविकॉल लावण्याआधी चिकटवायची बाजू ताजी घासून घ्या आणि वर वजन ठेवा. खाली एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, ओल लागली की ते फुगतं. 12 मिमी प्लाय घ्या. सनबोर्डला पावसाचं काही वाटत नाही, पण उन्हात उभ्या गाडीत ठेवून प्रदर्शनाला नेऊ नका, तो वाकतो.

तयार रेझिन बेस, म्हणजे साच्यात ओतलेला प्लास्टिकसारखा तुकडा, एकाच फिगरसाठी, बक्षिसाच्या स्पर्धेत वगैरे, ठीक आहे. त्यावर दोर, कड्या, जाळीचं झाकण सगळं आयतं येतं. मात्र मागवण्याआधी विक्रेत्याकडून फळीची रुंदी मिमीमध्ये विचारून घ्या, "54 मिमीसाठी" एवढ्या शब्दावर जाऊ नका. आणि पाच-सहा जणांची तोफेवरची टोळी उभी करायची असेल तर एवढा मोठा रेझिन तुकडा महाग पडतो, तिथे सागवानी पट्ट्याच घ्या. तोफेची जागा आधी पेन्सिलने आखा, कारण फिगरच्या पायाची पिन (बेसमध्ये रोवायची तार) फळीच्या मधोमध गेली पाहिजे. फटीत गेली तर दीड मिमीची पट्टी कडेने उकलते.