फ्रॉन्क्स टर्बो, दीड वर्षानंतर: टाकी ३७ लिटरचीच का?

मारुतीची फ्रॉन्क्स घेऊन दीड वर्ष झालं, १.० टर्बो मॅन्युअल, मीटरवर २४ हजार किमी. लोक मायलेज विचारतात ते ठीक, पण त्याहून जास्त वेळा विचारतात की एवढी दांडगी दिसते आणि टाकी फक्त ३७ लिटरची? मामा तर दर भेटीत काढतो, कारण त्याच्याकडे ब्रेझा आहे आणि तिची टाकी ४८ लिटरची. कंपनी एकच, लांबी दोन्हीची ३९९५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तर उलट माझ्याच गाडीचा २० मिमीने जास्त, मग ११ लिटर गेले कुठे? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला होता.

उत्तर मिळालं अंडरबॉडी कोटिंगच्या, म्हणजे गाडीच्या तळाला गंजरोधक थर मारायच्या वेळी. गाडी लिफ्टवर चढवली आणि मी खाली जाऊन उभा राहिलो. टाकी असते मागच्या सीटच्या खाली, मागच्या चाकांना जोडणाऱ्या बीमच्या पुढे. शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो, त्याची उष्णता लागू नये म्हणून मध्ये अंतर आणि पत्रा. मागे बीम वरखाली हलणार, तिथे जागा मोकळीच लागते. खाली टाकी लोंबू देता येत नाही, कारण १९० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स आहे म्हणून तर आपण ही गाडी घेतो. मग राहिली एकच दिशा, वर. आणि वर सीट.

इथेच सगळी गोम आहे. फ्रॉन्क्स मारुतीच्याच बलेनोच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे तिच्याच सांगाड्यावर बनलीय, व्हीलबेस तोच २५२० मिमी आणि टाकीही तीच ३७ लिटरची. बलेनो बुटकी गाडी, त्यामुळे मागची सीटही खालीच. फ्रॉन्क्सची उंची १५५० मिमी, ब्रेझाची १६८५. शिवाय फ्रॉन्क्सचं छप्पर मागे उतरतं, तोच तर तिचा लूक आहे, पण त्या उतरत्या छपराखाली माणसाचं डोकं बसवायचं तर सीट वर घेता येत नाही. माझे बाबा पावणेसहा फूट, मागे बसले की डोक्यावर चार बोटं उरतात. सीट अजून वर घेतली असती तर तीही गेली असती.

किती फरक पडतो ते बघा. समजा टाकी साधारण एक मीटर रुंद आणि ६० सेंमी लांब आहे. तिची उंची फक्त २ सेंमीने वाढवली तरी १२ लिटर वाढतात! म्हणजे मामाच्या आणि माझ्या गाडीतला अख्खा फरक अंगठ्याच्या रुंदीएवढा आहे आणि तो लूकसाठी, डोक्यावरच्या जागेसाठी दिलाय असं माझं ठाम मत आहे.

काही जण म्हणतात वजन वाचवायला टाकी छोटी ठेवतात, मला ते फारसं पटत नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, ११ लिटर म्हणजे ८ किलो, एवढी तर आईची लोणच्याची बरणी आणि तांदळाची पिशवी मिळून होते. डिकी मागे ढकलून जागा काढावी तर ४ मीटरच्या आत राहायचंय, कारण सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४०. परदेशातही तेच दुखणं आहे, निसान ज्यूक ही अशीच स्पोर्टी क्रॉसओव्हर, तिच्या जुन्या ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये मागच्या चाकांनाही ताकद द्यायला डिफरन्शियल वगैरे आलं आणि टाकी साध्या ज्यूकपेक्षा छोटी झाली.

आता रोजच्या वापरातलं. टाकी टू टाकी मोजून मला हायवेला लिटरला १७ किमी, पुण्यात १२ मिळतं, घाटात टर्बो दाबून चालवली की १३ च्या आसपास. एआरएआयचा, म्हणजे अधिकृत चाचणीतला आकडा २१.५ आहे, तो माझ्या पायाला कधी मिळाला नाही. म्हणजे हायवेला ५०० किमी निर्धास्त धरायचे, पुढे पंप शोधायला लागायचं.

मागच्या मे महिन्यात पुण्याहून गावी सावंतवाडीला गेलो, कोल्हापूर, संकेश्वर, आजरा, आंबोली करत ३८५ किमी, काही टेन्शन नाही. चार दिवस इकडेतिकडे फिरलो आणि परत निघताना पेट्रोल न भरताच संध्याकाळी आंबोली चढायला लागलो, म्हटलं वर भरू. चढावर गाडी काय खेचते, १०० पीएसची ताकद आणि एवढं हलकं वजन, तिसऱ्या गिअरमध्ये पुढचा टेम्पो कधी मागे पडला कळत नाही, मला ही गाडी यासाठीच आवडते. पण आजऱ्याच्या जवळ पिवळा दिवा लागला, रात्रीचे साडेदहा, रस्त्यातला पंप बंद. एसी बंद केला, साठच्या वर गेलो नाही, मागे बाबा गप्प बसलेले आणि आई दर पाच मिनिटांनी "अजून किती रे?" संकेश्वरला पोचलो तेव्हा ३४ लिटर बसलं. मामा याच ट्रिपला परतीच्या साताऱ्यापर्यंत पंपाकडे बघत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टाकी छोटी म्हणून ठासून भरून घेऊ नका. नॉझल कट झालं की पंपावरचा पोरगा म्हणतो "साहेब राउंड फिगर करतो" आणि गळ्यापर्यंत भरतो. टाकीत वर थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते, पेट्रोल गरम होऊन फुगतं त्यासाठी, आणि वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या डब्यात जाते. तिथे ओलं पेट्रोल गेलं की कॅनिस्टर खराब होतो आणि खर्च येतो. मी आता आधीच सांगतो, पहिल्या कटला थांब, २,७४३ रुपये झाले तर २,७४३ देईन.

घ्यावी का? शहरात आणि शनिवार-रविवारी ट्रिप असेल तर डोळे झाकून घ्या. महिन्यातून चार वेळा नागपूर, हैदराबाद करणाऱ्यांनी मामाची ब्रेझा एकदा चालवून बघावी, किंमत जास्त आहे पण पंपावरचे थांबे कमी होतील. मी माझी बदलणार नाहीये, फक्त सावंतवाडीतून निघताना टाकी फुल करतो, आईही आता गाडीत बसायच्या आधी तेवढं विचारून घेते.