भूप, देशकार आणि एक रसग्रहण वर्ग

पुण्यातील एका रागसंगीत रसग्रहण वर्गाची आठ सत्रे मी नुकतीच पूर्ण केली. वीस वर्षे निव्वळ आवडीने ऐकलेल्या गाण्याची अशी चिकित्सा केली, तर त्याची गोडी उणावेल, ही धास्ती नाव नोंदवताना मनात होती.

दुसऱ्या सत्रात ती बरीचशी ओसरली. त्या दिवशी भूप आणि देशकार लागोपाठ ऐकवले. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर असतात. तरीही भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे स्वरांवरून केलेला रागांचा गट), पूर्वांगप्रधान म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात रमणारा, गांधार (ग) वादी म्हणजे मुख्य स्वर असलेला आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जाणारा, तर देशकार बिलावल थाटातला, उत्तरांगप्रधान म्हणजे वरच्या अर्ध्या भागात रमणारा, धैवताला (ध) मान देणारा सकाळचा राग. शिक्षिकेने यातले काहीही आधी सांगितले नाही. तानपुऱ्यावर दोन्ही आलाप गाऊन कोणत्या स्वरावर थांबावेसे वाटते एवढेच विचारले, आणि आमची उत्तरे आल्यावरच वादी आणि त्याच्या खालोखालचा संवादी हे शब्द फळ्यावर लिहिले. किशोरी आमोणकरांचे भूपातले ‘सहेला रे’ त्या रात्री घरी पुन्हा लावले, तेव्हा पूर्वी जिथे तीच जागा पुन्हा आल्यासारखी वाटे, तिथे गांधाराकडे येण्याची वाट दर वेळी निराळी असल्याचे उमगले. माझ्या दृष्टीने वर्गाचे शुल्क तिथेच वसूल झाले.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेतून, ती गांधारात लावलेली नसतानाही, आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ओळखायलाही याच वर्गात शिकलो.

तालाच्या सत्राबद्दल मात्र तक्रार आहे. विलंबित (संथ लयीच्या) एकतालातील ख्यालाचे ध्वनिमुद्रण दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला, थांबवून आमच्याकडून बारा मात्रा मोजून घेतल्या. समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, आनंद तिची वाट पाहण्यात असतो, आणि मध्येच गाणे थांबवल्याने नेमके ते वाट पाहणेच तुटले. पुढचे तीन आठवडे कोणताही ख्याल ऐकताना माझी बोटे मात्रा मोजत राहिली आणि गाणे कानाआड गेले. मोजणी अंगवळणी पडल्यावर ते थांबले, आणि आता सम जवळ आल्याचे न मोजताही कळते. पण आधी ख्याल सबंध ऐकवून मग मात्रांकडे वळले असते, तर हा त्रास टळला असता.

मारवा, पूरिया आणि सोहनी या समान स्वरांच्या तीन रागांना मिळून एकच तास मिळाला, तो फारच अपुरा होता. ऐकण्याची सवय असलेल्यांनी हा वर्ग अवश्य करावा. अगदी नवख्यांनी आधी वर्षभर मैफली ऐकाव्यात, असे माझे मत आहे.