बसच्या दाराला जाळीचं दार बसवलं, दीड वर्ष वापरून लिहितेय

आमची बस म्हणजे जुनी स्कूल बस, सीटा काढून आत दोन बेड, ओटा, सिंक असं करून घेतलंय, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद रीतसर झालीये. आज फक्त जाळीच्या दाराबद्दल लिहितेय, कारण बस बनवताना आम्ही बेड, सोलर, पाण्याची टाकी यावर सहा महिने डोकं लावलं आणि दाराचा विचारच केला नाही, आणि पहिल्याच ट्रिपला कळलं की रात्री झोप लागायची असेल तर याच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे.

माझ्या धाकटीला आधीच्या वर्षी डेंग्यू झालेला, प्लेटलेट्स ४० हजारांवर आल्या होत्या, ते चार दिवस मी विसरू शकत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे संध्याकाळी दार लावून घेतलं की झालं असं नाही, दुपारी पोरं आत पत्ते खेळत असतात तेव्हाही दार उघडं आणि जाळी बंद असायला हवी. आणि मे महिन्यात कोकणात दार बंद करून बसमध्ये बसून दाखवा, पत्रा तापला की भट्टी होते नुसती.

तर आधी ऑनलाइन मिळतो तो चुंबकवाला पडदा घेतला, साडेपाचशे रुपये. घराच्या बाल्कनीला ठीक असेल, बसला नाही. वेल्क्रो पत्र्यावर चिकटवलेला, उन्हाने गोंद मऊ होऊन दोन दिवसात वरचा कोपरा सुटला, गुहागरला सुरूच्या बनाजवळ गाडी लावलेली तर समुद्रावरच्या वाऱ्याने पडदा सारखा मधून उघडायचा आणि खाली पायरीपाशी चार बोटं फट राहायची ती वेगळीच. त्या रात्री सासूबाईंच्या पायांना चिलटं इतकी चावली की आठवडाभर खाजवत होत्या बिचाऱ्या. मग घडीची प्लिटेड जाळी बघितली, दिसायला फार छान, पण तिच्यात आतून दोरे असतात आणि खालच्या पट्टीत वाळू गेली की ती अडकते, आमच्या घरच्या खिडकीला आहे म्हणून माहिती आहे, रोज वाळू-मातीचे पाय घेऊन चढणाऱ्या पोरांसमोर ती टिकली नसती.

शेवटी भोसरीत एक छोटं वर्कशॉप आहे ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं, तिथे गेलो. नाव देत नाही, माणसं दोनच आहेत आणि आधीच कामाने भरलेली आहेत. पण तिथल्या काकांनी माप कसं घेतलं ते सांगते, कारण मला तिथेच विश्वास बसला. आम्ही आपलं घरून टेप लावून लांबी-रुंदी लिहून नेलेली, त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले ताई गाडी घेऊन या, नुसत्या मापावर मी करणार नाही. गाडी नेली तर रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजली, मग दोन्ही कर्ण मोजले, कर्णात ९ मिलिमीटरचा फरक! म्हणजे दाराची चौकट काटकोनात नाहीच. आणि त्यानंतर त्यांनी गाडीचं एक मागचं चाक जाड फळीवर चढवायला लावलं आणि परत कर्ण मोजले तर तो फरक अजून वाढला. घराची चौकट एकदा बसली की हलत नाही पण बसची बॉडी पीळ खाते, खड्ड्यातून जाताना आणि उतारावर उभी असताना पण, म्हणून जाळीचं दार अगदी घट्ट मापात केलं तर ते कधीतरी अडकणारच. त्यांनी चारी बाजूंनी ५ मिलिमीटर जागा सोडली आणि ती फट वूल पाइलच्या, म्हणजे मऊ दाट केसांच्या, ब्रशपट्टीने भरली, ब्रश दबतो त्यामुळे दार घासत नाही आणि डासाला वाटही मिळत नाही.

दुसरा मोठा प्रश्न दार उघडायचं कुठे. आमचं मेन दार बाहेर उघडतं आणि आत लगेच पायऱ्या, म्हणजे जाळी आत उघडली तर पायरीला अडते. मग जाळी पण बाहेरच उघडणारी, त्याच बाजूला बिजागऱ्या. पण आता रात्री जाळी लावून आत झोपलोय आणि पाऊस आला, मेन दार ओढून घ्यायचंय, तर हात बाहेर कसा काढणार, जाळी उघडली की सगळे डास आत. काकांनी कमरेच्या उंचीला जाळीत एक छोटी सरकती खिडकी दिली, हात जाईल एवढीच, आणि मेन दाराला आतून नायलॉनचा पट्टा लावला, खिडकी सरकवायची, पट्टा ओढायचा, दार बंद. खरंच सांगते मला त्या खिडकीचं इतकं कौतुक आहे की पाहुणे आले की आधी तीच दाखवते. एक मात्र झालं, मेन दाराचं आतलं हँडल जाळीच्या चौकटीला लागत होतं, ते बदलून सपाट बसणारं लावावं लागलं, ते तुम्ही आधीच बघून ठेवा.

जाळी फायबरग्लासची घेतली. स्टीलची मजबूत असते पण आम्ही सारखे समुद्रावर जातो आणि खाऱ्या हवेत साध्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर पण तांबूस डाग येतात, फायबरग्लास गंजत नाही आणि पोराने हात टेकला तर खड्डा पडून राहत नाही. बाजारात नेहमीची मिळते ती इंचाला १८ बाय १६ भोकांची, डासाला पुरते, पण समुद्रावरची बारीक चिलटं तिच्यातून येतात, म्हणून २० बाय २० घेतली. वारा थोडा कमी लागतो हे खरं आहे, आम्ही समोरच्या खिडकीत छोटा फॅन लावतो. खालचा एक फूट जाळी नाहीच, ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, कारण चपला, पाय, बॅगा सगळं तिथेच आपटतं, आणि मधे आडवी पट्टी आहे, पोरं ढकलताना हात तिच्यावरच पडतो. जाळी खाचेत रबरच्या दोरीने बसवलेली आहे, उद्या फाटली तर रोलरने घरी पण बदलता येते.

तक्रार पण लिहिते. कबूल केलेल्या दिवसापेक्षा ११ दिवस उशीर झाला, आणि फोन केल्याशिवाय कळवलं नाही. बिजागऱ्यांना त्यांनी साधे लोखंडी स्क्रू मारलेले, हर्णैच्या एका ट्रिपनंतर ते गंजले आणि भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी पूड सुटल्यासारखं झालं, दोन वेगळे धातू आणि खारा ओलावा एकत्र आला की ॲल्युमिनियम खातंच. दाखवल्यावर त्यांनी एकही पैसा न घेता स्टेनलेसचे स्क्रू खाली नायलॉनचा वॉशर देऊन लावले, कारण स्टेनलेस पण थेट टेकवायचं नाही म्हणाले. आणि पहिली कडी नुसती चुंबकाची होती, ताम्हिणीच्या वळणांवर जाळी आत आपटून आपटून डोकं उठलं, आता प्रवासात लावायला वेगळी फिरती कडी आहे आणि मागे रबराचे दोन ठोकळे, आवाज पूर्ण गेला.

कडी मात्र अशीच घ्या की लहान मूल अंधारात एका हाताने उघडू शकेल, आत गॅस आहे, आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता हाच. आम्ही दिवे बंद करून धाकटीकडून पाच-सहा वेळा उघडून घेतली.

सगळे मिळून ६,८०० रुपये झाले, स्क्रू-कडी धरून. मे अखेरीला भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलेलो, सगळे दिवे बंद, मेन दार सताड उघडं, जाळी लावलेली, सासूबाई आतल्या बेडवर पडून बाहेरचं झाड लुकलुकताना बघत होत्या आणि मधेच म्हणाल्या एकही चावलं नाही गं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ११ दिवसांसाठी कापला.

काही जणांनी विचारलं की मागच्या इमर्जन्सी दाराला पण करणार का. नाही, तिथे काहीही बसवणार नाही, ते दार एका धक्क्यात उघडायलाच हवं, तिथल्या खिडकीला वेल्क्रोची जाळी पुरते.