कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन : सर्जनना ५ स्टार, नंतरच्या सर्व्हिसला २

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुण्यातलंच क्लिनिक आहे. आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर, ६ वर्षांचा, वजन ३८ किलो (हो माहितीये जास्त आहे, सासूबाईंच्या तूप-पोळ्या). जूनमध्ये मागचा उजवा पाय टेकवेचना, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं निघालं. टीपीएलओ करायचं ठरलं, म्हणजे नडगीचं हाड वरच्या टोकाला गोल कापून थोडं फिरवतात आणि प्लेट-स्क्रू टाकून बसवतात.

आधी चांगलं सांगते. ऑपरेशनची पहिली तारीख होती त्या दिवशी सर्जननी बंड्याच्या पोटावरची पुरळ बघितली आणि सरळ घरी पाठवलं, आधी स्किन बरी करा मग बघू. मी रजा टाकून गेलेले, डोकंच फिरलं. पण नंतर पटलं. कुत्र्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस जातीचे बॅक्टेरिया असतातच, स्किन बिघडली की ते माजतात आणि तेच जखमेत शिरतात, त्यात नडगीच्या आतल्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच, कातडी आणि खाली लगेच प्लेट, म्हणून या ऑपरेशनमध्ये इन्फेक्शन इतर साध्या ऑपरेशनपेक्षा जास्त होतं. केससुद्धा आदल्या दिवशी न काढता भूल दिल्यावरच काढले, ट्रिमरचे बारीक ओरखडे रात्रभर राहिले की त्यात जंतू वाढतात म्हणे. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर द्यायच्या आधीच. इथपर्यंत एक नंबर.

आता डिस्चार्ज. संध्याकाळी साडेसातला गर्दीत हातात एक कागद, गोळ्यांची पिशवी आणि गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. भोंगा नाकापेक्षा आखूड! नाकाच्या पुढे दोन-तीन बोटं तरी हवा ना, नाहीतर तो घालून उपयोग काय. तिसऱ्या रात्री साहेब आरामात टाके चाटत बसलेले. सासूबाई म्हणतात चाटू दे गं, कुत्र्याची जखम चाटूनच भरते. अहो, आत लोखंड आहे त्याच्या!

पहिले काही दिवस सूज खाली घोट्याजवळ साचली ती नॉर्मल होती, हे मला कोणी सांगितलं नाही म्हणून मी उगाच घाबरले, आणि सहाव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं, जागा गरम, टेकवायला लागलेला पाय पुन्हा उचलून धरला, ते नॉर्मल नव्हतं आणि तेही कोणी सांगितलं नव्हतं. इमर्जन्सी नंबर रात्री तीनदा लावला, उचलला नाही. सकाळी रिसेप्शनवरची मुलगी म्हणते गोळ्या अजून ५ दिवस वाढवा. न बघता! मी हट्ट धरून बसले तेव्हा सर्जन स्वतः आले, आतून सुईने नमुना घेऊन कल्चरला (कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाने मरतो ते बघायला) पाठवला, चार दिवसांनी रिपोर्ट आला तर चालू असलेल्या गोळीला तो जंतू दादच देत नव्हता. गोळी बदलली तसा पाय पुन्हा टेकवायला लागला.

पण प्लेटवर जंतूंचा चिकट थर बसला की औषध आतपर्यंत पोचत नाही, आणि हाड जुळेपर्यंत प्लेट काढताही येत नाही. गोळ्या बंद केल्या की पाणी परत सुरू. १० आठवड्यांनी एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं मग प्लेट काढली. त्याचे पैसे वेगळे, एस्टिमेटमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मी काउंटरवर विचारलं तर "मॅडम, सगळ्यांना लागत नाही ना." बरोबर आहे, पण ज्याला लागेल त्याला आधी कळायला नको?

जाणार असाल तर भोंगा बाहेरून मोठा घेऊन जा, आणि रात्री फोन कोण उचलणार ते नाव-नंबरासकट लिहून घ्या. पार्किंग नाही. बंड्या आता ३३ किलो, जिना चढू देत नाही म्हणून माझ्यावर रुसलेला.