ई-कोर्ट्स ॲप: मुंबईत बसून गावच्या कोर्टाची केस बघायची असेल तर घ्याच

आमच्या काकांच्या मारहाणीची केस कोकणात तालुका कोर्टात चालू आहे आणि मी राहतो लालबागला, दर तारखेला रजा टाकून एसटीने जाणं जमत नाही. एक एजंट नुसतं स्टेटस सांगायचे पैसे मागत होता, मग हे ॲप टाकलं, फुकट आहे. १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर, त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही असतात) असेल तर काम एका मिनिटात. आमच्याकडे नव्हता, मग राज्य, जिल्हा, कोर्ट निवडून पोलीस स्टेशन, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकलं, तर पुढची तारीख, कलमं, आधीच्या तारखांना काय झालं, सगळं समोर आलं!! काकांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांना खूप धीर आला. नावानेही शोधता येतं पण स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, आणि निकाल लागलेली केस असेल तर पेंडिंगऐवजी डिस्पोज्ड निवडा, नाहीतर दिसणारच नाही. सही-शिक्क्याची नक्कल मात्र कोर्टात अर्ज करूनच मिळते, त्यासाठी गावी जाणाऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा. माझ्याकडून पाच स्टार.