माळवद सुधारावं की सिमेंटचं घर बांधावं?

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती फुटल्या आणि माळवदं, म्हणजे लाकडावर माती घातलेली सपाट छतं, अंगावर आली. दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे आतला-बाहेरचा असे दोन पदर सुटे, मध्ये नुसती कपची-माती. वर गळती थांबवायला थरावर थर चढवलेल्या पांढऱ्या मातीचा बोजा. असं घर सुधारता येतं: माती उतरवून छत हलकं करायचं, दोन्ही पदर धरणारे आरपार दगड बसवायचे, दारं-खिडक्यांच्या वरून चौफेर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. दगड गावचाच, शिवाय उन्हाळ्यात गारवा.

सिमेंट ब्लॉकचं घर लवकर उभं राहतं. पण पट्टा त्यालाही लागतोच, आणि पत्रा टाकलात तर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही.

गवंडी जाणता असेल तर मी माळवदच ठेवेन. भिंतीला पोट आलं असेल तर मात्र नाही.