स्वेटर, जॅकेट की नुसताच पट्टा? नागपूरच्या थंडीत मोठ्या जातीचं पिल्लू फिरवताना

मागच्या हप्त्यात मावसभावाचा फोन. ग्रेट डेनचं पिल्लू आणलंय, चार महिन्यांचं, लसी झाल्या, आता सकाळी फिरायला काढलं की थरथर कापून राहिलं, "स्वेटर घेऊ का ते फुगीर जॅकेट घेऊ, तुमच्या गोटूले काय घालता तुम्ही?" गोटू म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, दीड वर्षाचा, आणि त्याने घातलेल्यापेक्षा फाडलेले कपडेच जास्त आहेत. पण त्या नादात दोन हिवाळ्यांत बरंच काही घेऊन आणि फेकून झालं, तर एकदाच लिहून टाकते.

आधी अंगावरची केसं बघा, दुकान नंतर. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली लोकरीसारखा मऊ. ग्रेट डेन, बॉक्सर, डॉबरमन हे उंच धिप्पाड दिसतात पण अंगावर एकच पातळ थर, आणि पोट तर जवळपास उघडंच. पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करून पाहा, खाली दाट लव लागली तर तो पहिल्या गटातला, सरळ कातडी दिसली तर दुसऱ्या. म्हणजे आकारावर जाऊ नका, 20 किलोचा डेन 12 किलोच्या लॅबपेक्षा लवकर गारठतो. फक्त एक, लॅबच्या पिल्लालाही पक्की केसं यायला पाच-सहा महिने जातात, तोवर ती नुसती कापसासारखी लव असते, त्यामुळे "लॅब आहे, त्याला काय होते" हे लहानपणी लागू नाही.

आता आपली थंडी. 29 डिसेंबर 2018 ला इथे 3.5 अंशांपर्यंत पारा उतरला होता तो अपवाद, एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे 10-12, लाट आली की 7-8, आणि दुपारी पुन्हा 27-28. बाप्पा, दुपारी तर रस्त्यावर लोक हाफ शर्टात फिरतात! तर आपल्याकडे थंडी दिवसभराची नाही, पहाटेची आहे, आणि म्हणून माझ्या मते जॅकेटपेक्षा आधी घड्याळ बदला.

सहाला निघाल तर अंधार, फुटाळा तलावाच्या काठाला बोचरी हवा, गवतावर दव, पिल्लाचं पोट पाच मिनिटांत ओलं आणि ओल्या पोटाला लागणारा वारा कोरड्या थंडीपेक्षा वाईट. साडेआठला निघाल तर ऊन अंगावर पडलेलं असतं, तेच पिल्लू तेच अंतर मजेत चालतं. संध्याकाळी पाचचं पण चांगलं, सिमेंटचे रस्ते दिवसभर तापलेले असतात, पण ट्रॅफिक आणि हॉर्न, घाबरट पिल्लू असेल तर वैताग. आता ज्यांची आठची ड्युटी आहे त्यांना साडेआठ सांगून काय उपयोग, हे मला कळतं, आमच्याकडेही सकाळची पाळी असली की तेच. मग सहाला फक्त शू-शीसाठी घराभोवती पाच-सात मिनिटं आणि खरं फिरणं संध्याकाळी, असं वाटून घ्या. आणि थंडी घालवायला म्हणून पिल्लाला सोबत पळवत नेणं तर नकोच, मोठ्या जातींच्या हाडांची टोकं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, डेनला त्याहूनही जास्त, तोवर डांबरावर किंवा सिमेंटवर पट्ट्याला धरून जॉगिंग म्हणजे सांध्यांची वाट.

एवढं करूनही कापत असेल तर कपडे. मी चार प्रकार वापरले.

विणलेला लोकरी स्वेटर. दिसायला गोंडस, फोटो छान येतात. ओला झाला तरी थोडी ऊब धरतो हे खरं, पण नखं अडकतात, धागा निघतो आणि पिल्लू तो धागा चावत बसतं. गोटूने अर्धी बाही गिळली होती, नशीब दुसऱ्या दिवशी बाहेर आली, आतड्यात अडकली असती तर ऑपरेशन. त्यानंतर गोटूला विणलेलं काही नाही.

माणसाचा जुना स्वेटर कापून केलेला. फुकट, पण बाह्या पायात येतात आणि नर पिल्लू असेल तर पोटाखालचा भाग हमखास भिजतो. घरात झोपताना ठीक, रस्त्यावर नाही. जुना कॉटनचा टीशर्ट घालून नेणारे पण आहेत, दवात कॉटन भिजलं की वाळत नाही, त्यापेक्षा उघडं बरं.

फुगीर जॅकेट, आत कापसासारखं भरलेलं, वर नायलॉन. वारा अडवतं, दव आत जात नाही, पोटाखाली पट्टा असलेलं घेतलं तर डेनसाठी हे सगळ्यात उबदार. पण नागपुरात ते वापरायचे दिवस किती, मोजून पंधरा-वीस, आणि सूर्य वर आला की पिल्लू त्यात तापतं, धापा टाकतं. शिवाय मोठ्या जातीचं पिल्लू महिन्याला एक साइज ओलांडतं, डिसेंबरमध्ये घेतलेलं जॅकेट संक्रांतीला छातीवर बसत नाही. आणि चौकात चौकीदार मंडळी शेकोटी करून बसलेली असतात, पिल्लू तिकडे ओढतंच, ठिणगी उडाली की नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. लांबून न्या.

फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टर कापडाचा, साधा कोट. मी शेवटी यावर थांबले. हलका, लवकर वाळतो, धागे निघत नाहीत, घरी धुता येतो, आणि शिंप्याकडून शिवून घेतला तर जॅकेटच्या निम्म्यातही पडत नाही. मी जुनं फ्लीसचं ब्लँकेट दिलं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कापड आत दाबून शिवायला सांगितलं, वाढला की उसवायचं. शिंपीदादा आधी हसले, मग म्हणे, "घेऊन या त्याले, नाप घ्या लागते ना." मापं तीन लागतात, गळा, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठ. छातीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काखेत घासून लाल होतंय का ते रोज बघायचं, घरात आलं की काढायचा. उणीव एकच, जोरात वारा असेल तर फ्लीसमधून आरपार जातो.

म्हणून भावाला सांगितलं, तुझा डेन आहे, फ्लीसचा कोट शिवून घे, पोटाखालून येणारा, आणि लाटेच्या दिवसांत उशिरा ने. जॅकेट पुढच्या वर्षी, वाढ मंदावल्यावर. लॅब-शेफर्डवाल्यांनी सहा महिन्यांनंतर काहीच घेऊ नका. कपडे असोत नसोत, कुबड काढून चालणं, पंजा उचलून धरणं, शेपूट आत घालून घराकडे ओढणं यातलं काही दिसलं की तिथून परत.

बुटांचं लगेच सांगते, नको. आपल्याकडे बर्फ नाही, तो वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पंजे कोरडे पडले तर रात्री झोपताना किंचित खोबरेल तेल पुरतं. बूट घ्यायचेच तर मे महिन्यासाठी ठेवा. पण जानेवारीत पंजे रोज बघा, संक्रांतीच्या आधी-नंतर महिनाभर नायलॉन मांजा रस्त्याच्या कडेला, झुडपांत पडलेला असतो. गोटूच्या दोन बोटांच्या मधे गुंतला होता, चालता चालता लंगडायला लागला तेव्हा कळलं, घरी कात्रीने कापून काढला तर खाली चीर. तेव्हापासून पतंगांच्या दिवसांत मैदान बंद.

आणि ब्रँडी. दरवर्षी कुणीतरी काका सांगतातच, चमचाभर पाजा, थंडी पळते. दारूने अंग गरम वाटतं पण आतली उष्णता उलट लवकर जाते, आणि कुत्र्याला तर ते विषच.

भावाचा परवा पुन्हा फोन, कोट शिवून झाला पण पोरगं रात्रीही कापून राहिलं. झोपतो कुठे, तर फरशीवर. त्याला म्हटलं, खाली गोणपाट टाक, वर आईची एखादी जुनी गोधडी. मावशीची गोधडी द्यायला मावशी तयार नाही, तो वाद अजून चालू आहे.